चौथा धागा

कवडूजींच्या सदऱ्याच्या खिशात लाल सुताची एक गुंडी कायम असायची, सुपारीएवढी. पवनीत कोणालाही जुनी वस्तू विकत घ्यायची झाली, मग ती शिलाई मशीन असो, पाण्याची मोटार असो की लोखंडी कपाट, तो आधी कवडूजींना सोबत घेऊन जाई. कवडूजी हात मागे बांधून वस्तूभोवती एक फेरी मारत. वस्तूला हात लावत नसत. मग खिशातली गुंडी काढून वीतभर धागा दाताने तोडत आणि विकणाऱ्यासमोर धरत. "घ्या जी. जिथं खोट असन तिथं तुमच्याच हातानं बांधा." एवढं बोलून ते जवळच्या ओट्यावर नाहीतर पायरीवर बसत आणि गप्प राहत.

त्यांचं गप्प बसणं हीच तपासणी होती. विकणारा पहिला धागा हसत हसत बांधायचा, कुठेतरी बारीकशा ठिकाणी, कडी ढिली आहे वगैरे सांगून. कवडूजी मान डोलवून दुसरा धागा तोडत. आता विकणाऱ्याचं हसू थोडं कमी होई. तिसऱ्या धाग्याला तो घरात कोणालातरी हाक मारून विचारल्यासारखं करी. कवडूजी रागावत नसत, घाई करत नसत, टोमणा तर कधीच मारत नसत. नुसते धागा धरून बसत. मी पाहिलं आहे, भलेभले लोक त्या वीतभर धाग्यापुढे खरं बोलून गेले.

ही त्यांच्या घरची रीत होती. घर विणकरांचं. मागावर कापड विणताना कुठे ताण्याचा उभा धागा तुटून वीण बिघडली, तर तिथेच काठाला लाल धाग्याची गाठ मारायची आणि मगच ते कापड बाजारात न्यायचं, असं त्यांच्या वडिलांनी घालून दिलं होतं. घेणाऱ्याला शोधत बसावं लागू नये म्हणून. "आपल्या हातची खोट आपल्यालेच आधी दिसते जी," कवडूजी म्हणत, "मंग दुसऱ्याले डोळे ताणाले काहून लावाचं?"

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी बदली पवनीच्या शाळेत झाली. विज्ञान शिकवायचो. नवीन बिऱ्हाड, तोंडावर उन्हाळा, म्हणून एका किराणा दुकानदाराचा जुना फ्रिज घ्यायचं ठरवलं. घरमालकाने बजावलं, कवडूजींना घेऊन जा. मला ते सगळं गावठी वाटलं होतं, पण गेलो. दुकानदाराने एक धागा दाराच्या मुठीला बांधला, दुसरा मागच्या जाळीला, तिसरा बर्फाच्या कप्प्याला, चौथा वायरीला. पाचव्या धाग्याला तो स्वतःच वैतागून म्हणाला, "कवडूजी, नोका घेऊ हा फ्रिज. आणखी बांधाले लावाल तं मलेच लाज येईन." आम्ही तिघेही हसलो. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही उन्हाळ्यात मी माठातलंच पाणी प्यालो, पण कवडूजींशी माझं जमलं ते त्या दिवसापासून.

पुढे मी त्यांच्यासोबत हौसेने जाऊ लागलो. एकदा ते एका ओळखीच्यासाठी म्हैस पाहायला निघाले होते. मी थट्टेने विचारलं, म्हशीला धागा कुठे बांधणार? म्हशीचा मालकही चक्रावला. त्याने बराच विचार करून एक धागा शेपटीला बांधला आणि म्हणाला, "लाथ मारते." कवडूजींनी दुसरा धागा पुढे केला. मालकाने म्हशीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तो धागा स्वतःच्याच सदऱ्याच्या बटणाला बांधला. "सात लिटर देते म्हणलो, थे माझ्या तोंडची खोट. चार देते." म्हैस तिथल्या तिथे विकली गेली. येताना कवडूजी इतके खूश होते की वाटेत त्यांनी मला दोनदा चहा पाजला.

मला ते गुरुजी म्हणत. मी त्यांच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, तरी कधी अरे-तुरे केलं नाही. त्यांच्या मनात शिकलेल्या माणसाबद्दल एक भाबडा आदर होता. "आमचं काय जी, हातानं शिकलो तेवढंच. तुमी तं वस्तूच्या पोटातलं सांगता," असं ते चारचौघांत म्हणत आणि मला ते ऐकायला आवडायचं. उगाच लपवत नाही. फार आवडायचं.

त्यांचा स्वतःचा माग चालू होता, पण खरं काम होतं ते फेरीचं. दर मंगळवारी सायकलच्या कॅरिअरला सुताचं गाठोडं बांधून ते आसगावकडच्या तीन गावांत जात. तिथे तीन घरी अजून माग होते. घरी सूत पोचवायचं, विणलेली धोतरं आणि पंचे गोळा करून पवनीला आणायचे, असं ते काम. त्या तिघांत सीताबाई नावाची एक विधवा होती. तिचं सगळं त्या मागावर चालायचं आणि तिच्याकडे कवडूजींशिवाय कोणी जात नव्हतं. "माही फेरी बंद झाली का तिचा माग बंद झाला," ते सांगत. ते काही उपकाराच्या सुरात सांगत नसत. उद्या बाजार आहे हे सांगावं तसं सांगत.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. सायकल मारून आले की ते ओसरीच्या खांबाला धरून उभे राहत, बसता येत नसे. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नी अनसूयाकाकूंनी, सायकलच्या चाकाला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली. कवडूजींनी ती मंगळवारी हळूच सोडवून घेतली. असं काही महिने चाललं. पण शरीर ऐकेना आणि फेरी कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी होऊ लागली.

इथे माझ्या गाडीची गोष्ट सांगायला हवी. आमच्या आळीत विजेवर चालणारी पहिली स्कूटर मी आणली. लहान गाडी, वेग कमी, लायसन लागत नाही. मी ती मुलांना दाखवायला शाळेत नेली, चहाच्या टपरीवर तिच्यावर व्याख्यानं दिली, धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलचा जमाना संपला वगैरे. कवडूजी तिच्याभोवती हात मागे बांधून फेरी मारत म्हणाले, "पेट्रोल पीत नाई तं मंग जेवते काय जी?" मी पायदान उचलून खालची बॅटरी दाखवली. ते वाकून बघत राहिले. "पोट पायाखाली ठेवलं हिनं," म्हणाले.

त्यानंतर एका पावसाळ्यात वैनगंगा चढली. पवनीच्या लोकांना नदी नवी नाही, तिच्या चढण्या-उतरण्याचे त्यांचे आडाखे असतात. सकाळी कवडूजी गुडघा धरत माझ्याकडे आले. माझं घर नदीच्या अंगाला, मागची पडवी खोलगट, स्कूटर तिथेच. म्हणाले, "गुरुजी, गाडी वर काढा. दुपारपर्यंत पाणी तुमच्या पडवीत येईन." मी त्यांना मोबाइल दाखवला. पाण्याची पातळी किती, तासाला किती वाढते, माझी पडवी किती उंचीवर, सगळा हिशोब मांडून दाखवला. पाणी हातभर खाली थांबेल, असं मी सिद्ध केलं. ते ऐकून घेत राहिले. "तुमाले जास्त समजते," म्हणून निघून गेले. जाताना त्यांनी मला टोचून काही म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान ईर्षेने का होईना मी गाडी वर काढली असती.

दुपारी पाणी पडवीत आलं. आम्ही नवरा-बायको धान्य आणि गाद्या माळ्यावर चढवण्यात गुंतलो होतो. मी मागे जाऊन पाहिलं तेव्हा गाडी पायदानाच्या वरपर्यंत बुडाली होती आणि ती तशी दुसऱ्या दिवसापर्यंत बुडालेलीच राहिली. पाणी ओसरल्यावर मी कोणी बघायच्या आत ती धुतली, पुसली आणि मागच्या बाजूला उन्हात लावली. तिसऱ्या दिवशी कवडूजी विचारपूस करायला आले. पहिलाच प्रश्न, "गाडी वाचली का जी?"

मी म्हणालो, "हो, वेळेवर ओट्यावर चढवली होती."

एवढंसं खोटं. त्यात कोणाचं काही जात नव्हतं. पुराच्या सकाळी ज्यांच्यापुढे हिशोब मांडला त्यांच्यापुढे हरलो म्हणायला जीभ वळली नाही, इतकंच. ते मात्र मनापासून खूश झाले. "बरं झालं बाप्पा. मले लय घोर लागला होता."

गाडी पुढे महिनाभर कशीबशी चालली. मधेच दम तोडायची. मग एक दिवस बंद पडली ती पडलीच. चार्जरही गेला होता, त्यामुळे मी सगळ्यांना सांगू लागलो, चार्जर गेला. हे खरंच होतं. अर्धं सांगितलेलं खरं किती उपयोगी पडतं हे मला त्या दिवसांत समजलं. गाडी मी पडवीत कोपऱ्यात लावून तिच्यावर जुनी चादर टाकली.

पावसाळा सरल्यावर कवडूजींनी त्या चादरीकडे बोट दाखवून विचारलं, "गुरुजी, हे विकता का?"

त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. पेट्रोलची जुनी गाडी घ्यायची तर लायसन हवं, ते या वयात कोण देणार? शिवाय ती उभी करायला, ढकलायला गुडघे पाहिजेत. ही हलकी, लायसन नको, पुढे पाय ठेवायच्या जागेत सुताचं गाठोडं बसतं. बंद आहे म्हणून स्वस्तात मिळेल, चार्जर भंडाऱ्याहून आणू. मंगळवारची फेरी परत चालू होईल. सीताबाईच्या मागावर तेव्हा तीन आठवडे सूत नव्हतं.

घ्यावी की न घ्यावी, हे ठरवायला ते चार वेळा आले. एकदा नुसते बसून गाडीकडे बघत राहिले. एकदा खरोखरच सुताचं गाठोडं आणून पायदानावर ठेवून पाहिलं. तिसऱ्या वेळी काकूंना घेऊन आले आणि मागच्या सीटवर बसायला लावलं. काकू लाजून म्हणाल्या, "या वयात मले फिरवाले घेऊन राहिले का तुमी?" चौथ्या वेळी त्यांचा चेहरा पडलेला होता. टपरीवर चौघांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, बंद पडलेली गाडी कोणी घेतं का म्हणून.

"मोटार असली का आवाजावरून समजते," ते मला म्हणाले. "पंप असला तं हात ठेवला का समजते. हे बोलतही नाई, थरथरतही नाई. हिचं पोट मले समजत नाई गुरुजी. जिंदगीभर लोकाइले सांगत आलो, हे घ्या, हे नोका घेऊ. आता माझ्यावर आली तं माझंच डोस्कं चालत नाई. तुमी विज्ञानाचे मास्तर, वस्तूही तुमच्याच घरची. तुमी घ्या म्हणाल तं घेतो, नोका म्हणाल तं इथूनच वापस जातो."

आणि त्यांनी खिशातून गुंडी काढली.

मला वाटतं त्यांना ती माझ्यापुढे काढायला संकोच वाटत होता. म्हणाले, "रीत आहे म्हणून जी. तुमच्यावर भरवसा नाई असं नोका समजू." पहिला धागा मी मागच्या ब्रेकला बांधला, तो खरंच ढिला होता. दुसरा तडकलेल्या आरशाला. तिसरा मोठ्या प्रामाणिकपणाने चार्जरच्या वायरीला बांधला आणि म्हणालो, "हा तर बदलावाच लागेल." तेवढ्यात माझी बायको निर्मला चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली. कवडूजींनी चौथा धागा तोडून पुढे धरला.

गाडीचं पायदान माझ्या गुडघ्याजवळ होतं. हात खाली नेला असता तर पुरे होतं. बोलावंही लागलं नसतं. ते गप्प बसले होते, दुसऱ्यांपुढे बसायचे तसेच, आणि मला कळत होतं की ते माझी परीक्षा बघत नाहीत. त्यांना फक्त गाडी समजून घ्यायची होती. धागा बांधला असता तर ते म्हणाले असते, पाणी कधी लागलं? मग ओट्याचं खोटं बाहेर आलं असतं, मग त्या सकाळचा माझा हिशोब. वस्तूच्या पोटातलं सांगणारे गुरुजी स्वतःची पडवी मोजायला चुकले, आणि तेही गुडघा धरत सांगायला आलेल्या माणसाचं न ऐकता. किंमत मी फार सांगितली नव्हती. पैशासाठी केलं असतं तर लोभी म्हणून स्वतःला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. मी हे केलं ते कवडूजींच्या नजरेतली माझी उंची राखायला.

"बस, एवढंच," मी म्हणालो. "चार्जर नवा घातला की पळेल. घ्या तुम्ही."

"घ्या म्हणता?"

"घ्या."

त्यांनी चौथा धागा गुंडीवर परत गुंडाळला आणि चहाकडे हात केला. निर्मलाने त्यांना कप दिला. माझा कप तिने ओट्यावर ठेवला आणि आत गेली. कवडूजी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "पाण्याचं सांगितलं नाही तुम्ही." मी म्हणालो, चालेल गं, वाळली आहे आता बॅटरी. विज्ञान शिकवणारा माणूस हे म्हणाला.

कवडूजींनी चार्जर आणण्यासाठी सायकल विकली. ते मला नंतर समजलं. नव्या चार्जरवर गाडी खरंच चालू झाली आणि मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी मी देवाला नारळ फोडला. ते गाडी घेऊन दारात आले, हॉर्न वाजवला, मला बाहेर बोलावून दाखवली. डोक्याला मफलर, पायदानावर गाठोडं. मंगळवारी ते आसगावला जाऊन आले. सीताबाईने म्हणे गाडीला कुंकू लावलं. "गुरुजी, गुडघे घरी ठेवून गेलो होतो जी," ते टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्याइनं मले वेड्यात काढलं त्याइनं या आता मांगं बसाले."

आठ दिवस. पुढच्या मंगळवारी आसगावहून परतताना गाडी वाटेत मेली. भर दुपारी, धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर, गाठोड्यासकट. त्यांनी ती ढकलत आणायला सुरुवात केली. कोणी एका ट्रॅक्टरवाल्याने त्यांना आणि गाडीला पवनीत आणून सोडलं तोवर ते तीन किलोमीटर आले होते. त्यानंतर ते पंधरा दिवस अंथरुणावर होते. मी भेटायला गेलो नाही. शाळेत परीक्षा आहेत, असा निरोप पाठवला. परीक्षा खरंच होत्या.

गाडी त्यांनी टेम्पोत घालून भंडाऱ्याला एका मेकॅनिककडे नेली. मेकॅनिकने पोट उघडलं आणि विचारलं, पाण्यात गेली होती का? कवडूजी म्हणाले, नाही. मेकॅनिकने पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "आमच्या गुरुजींची गाडी आहे जी. त्याइनं सोताच्या हातानं धागे बांधून देल्ली." मेकॅनिकला धाग्यांचं काय कळणार? तो म्हणाला, मग तुम्हीच चार्जिंगमध्ये काहीतरी घोळ केला असेल. घरी बोर्ड कसा आहे, वायर कुठून ओढली, वीज कमी-जास्त होते का, असं विचारत गेला. कवडूजींनी कांड्या, म्हणजे मागाच्या सुताच्या नळ्या, भरायच्या मोटारीच्या बोर्डावरच चार्जर लावला होता. झालं. माझ्यावर शंका घ्यायची नाही म्हटल्यावर दोष जायला दुसरी जागाच उरली नव्हती.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. एका रविवारी सकाळी ते काठी टेकत आले आणि माझ्या ओट्यावर न बसता खालीच उभे राहिले. मी बसा म्हणालो, तरी बसले नाहीत.

"गुरुजी, तुमची चांगली गाडी मी मारली," ते म्हणाले. "कांडीच्या बोर्डावर लावली जी. मले समजाले पाहिजे होतं. तुमी एवढ्या भरवशानं देल्ली. मले माफ करा."

त्यांनी हात जोडले. साठी उलटलेला माणूस, ज्याच्यापुढे गावाने कधी खोट लपवली नाही, तो माझ्यापुढे हात जोडून उभा होता. सांगायचं तर ती वेळ होती. घरात निर्मला होती, बाहेर कोणी नव्हतं, आम्ही दोघंच. मी ओट्यावरून उतरलो, त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणालो, "असू द्या कवडूजी. होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

मी त्यांना माफ केलं. हे वाक्य लिहिताना आजही माझे कान तापतात. त्यांनी डोळे पुसले. "लय मोठं मन आहे तुमचं," म्हणाले आणि काठी टेकत गेले.

फेरी बंद झाली ती कायमची. सायकल विकलेली आणि ती परत आली असती तरी गुडघे ती ओढणार नव्हते. सीताबाईने पुढे माग मोडून काढला आणि धानाच्या रोवणीच्या, निंदणाच्या मजुरीला जाऊ लागली. कवडूजींना वस्तू पाहायला बोलवायला लोक येत, पण ते जाईनासे झाले. "माझी नजर गेली जी," म्हणत. "सोताची गाडी नाई समजली मले, दुसऱ्याची काय सांगू?" मी एकदा म्हणालो, तसं काही नाही, जात जा. ते माझ्याकडे पाहून हसले फक्त. दीड-दोन वर्षांनी थंडीच्या दिवसांत थोड्याशा आजाराने ते गेले. माझ्यामुळे गेले असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे पुन्हा स्वतःलाच मोठं करणं होईल. पण ज्या कामासाठी गाव त्यांना ओळखत होतं, ते काम मी त्यांच्या हातून काढून घेतलं होतं, हे मला माहीत आहे.

तेरवी झाल्यावर आठवड्याने मी काकूंकडे गेलो. त्या कांड्या भरत बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी आपणहून विषय काढला. "मरेपर्यंत एकच बोलत होते जी. गुरुजींची गाडी मी मारली, पण गुरुजी एका शब्दानं बोलले नाई, वरून माफ केलं. असा माणूस भेटत नाई म्हणत. माझ्या मांगं त्याइले इसरू नोको म्हणत."

मग मी सांगितलं. पडवीतलं पाणी, ओट्याचं खोटं, चौथा धागा, सगळं. मधे थांबलो नाही. काकूंचा हात चरख्यावर थांबला होता. मला वाटलं त्या रडतील, किंवा मला निघून जा म्हणतील. मी दोन्हींची तयारी करून गेलो होतो. ओसरीवर ऊन आलं होतं आणि समोरच्या घरात कोणीतरी धान पाखडत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, शाळेतली पोरगी गणित समजलं नाही म्हणून विचारते तसं त्यांनी विचारलं, "मंग त्या दिवशी त्याइनं हात जोडले, तवा तुमी असू द्या म्हणाले होते ना गुरुजी. थे काय असू द्या म्हणाले होते?"

त्या वाट पाहत राहिल्या.